राज्यकर्त्यांसाठी मागताना

आमच्या चर्चमध्ये मध्यस्थीची प्रार्थना पुस्तकातून वाचत नाहीत. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं, तेव्हापासून या भागातल्या मंडळ्यांना मोकळ्या प्रार्थनेची सवय आहे. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, छापील उपासनाक्रम हातात आला, तरी मध्यस्थीची वेळ झाली की आमच्याकडे कुणीतरी उठतं, डोळे मिटतं आणि सुचेल तसं देवाशी बोलतं. प्राथमिक शाळेतला मास्तर आणि मंडळीतला वडील म्हणून हे काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. आवाज खणखणीत, शब्दांची अडचण नाही. आजारी माणसं, विधवा, परीक्षेला बसलेली मुलं, पाऊसपाणी यांच्यासाठी मागताना माझ्या हातून फारसं वावगं झालं नसावं. देश आणि राज्यकर्ते यांच्यासाठी मागताना मात्र मी चुकत गेलो आणि त्याची झळ मंडळीला बसली. ते सगळं इथे लिहितो आहे, कारण गावोगावच्या मंडळ्यांत हे काम करणारी माझ्यासारखी माणसं आहेत.

ही प्रार्थना टाळण्याची सोय आपल्याला नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात राजांसाठी आणि अधिकारावर असलेल्या सगळ्यांसाठी मागायला स्पष्ट सांगितलं आहे. यिर्मयानं बाबेलातल्या बंदिवानांना पत्र धाडलं आणि त्याच शहराचं भलं मागायला सांगितलं. त्या बाबेलच्या सैन्यानंच त्यांना यरुशलेमातून उचलून नेलं होतं. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीनं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं एक पत्र क्लेमेंटच्या नावानं ओळखलं जातं. त्याच्या शेवटाकडे राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना आहे आणि तिच्यात त्यांना आरोग्य, शांती, एकोपा मिळावा असं मागितलं आहे. पुढे शंभरेक वर्षांनी कार्थेजच्या तर्तुलियननं लिहिलं की सम्राटाला आम्ही देव म्हणणार नाही, पण त्याच्यासाठी आमच्या देवाकडे मागणं सोडणारही नाही. ख्रिस्ती माणसांना जनावरांपुढे टाकण्याचे ते दिवस होते. हे सगळं मी संडे स्कूलच्या मुलांना शिकवत होतो.

आणि मी स्वतः काय करत होतो? २३ नोव्हेंबर २०१९ ला, शनिवारी सकाळी, देवेंद्र फडणवीस यांनी राजभवनावर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी उपासना. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री अशी क्रमानं नावं घ्यायचा आमचा रिवाज. त्या दिवशी मी राज्यपालांपर्यंत आलो आणि तिथून थेट अवकाळी पावसानं झोडपलेल्या शेतकऱ्यांकडे वळलो. मुख्यमंत्री हे पदच गाळलं. मंगळवारी त्यांनी राजीनामा दिला, गुरुवारी शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांचा शपथविधी झाला. १ डिसेंबरच्या रविवारी मी मुख्यमंत्र्यांचं नाव अशा काही आवाजात घेतलं की मागच्या बाकांवरची पोरं दणक्यात आमेन म्हणाली. २०२२ च्या जून अखेरीस सरकार बदललं, एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, तेव्हा मी पुन्हा मोघम झालो. “राज्याचा कारभार पाहणाऱ्यांसाठी” एवढंच म्हणून पुढे गेलो. यांपैकी कुणाबद्दल माझं काय मत होतं, ते इथे गैरलागू आहे. जे मत मतदान केंद्रावर द्यायचं, ते मी पुलपिटावरून देत होतो.

आमच्या मंडळीत एक गृहस्थ आहेत. त्यांचं घराणं दोन पिढ्या दुसऱ्या पक्षाचं काम करतं. आमच्याकडे प्रभुभोजनाचे छोटे ग्लास ट्रेमधून वडील बाकाबाकापर्यंत नेतात. एका महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ट्रे घेऊन त्यांच्या बाकापाशी गेलो. त्यांच्या पत्नीनं ग्लास उचलला, मुलीनं उचलला. त्यांनी हात मांडीवरून हलवला नाही. मी क्षणभर थांबलो आणि पुढे सरकलो. पुढच्या महिन्यातही तेच. शेवटी पाळकसाहेबांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. ते गृहस्थ माझ्याशी भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, “गुरुजी, प्रार्थना करताना तुमचे डोळे मिटलेले असतात, पण तुम्ही माझ्याकडेच बघत असता.”

मला राग आला. हा माणूस पक्षापायी प्रभूच्या मेजाचा अपमान करतो, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. पण वाक्य डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी पुलपिटावर उभा राहिलो तेव्हा स्वतःवर नजर ठेवली आणि ध्यानात आलं की मला खरोखरच मंडळी ऐकू येत होती. कोण हुंकार देतो, कोण खाकरतो, कुठल्या वाक्याला आमेन येतं, याच्यावर माझं पुढचं वाक्य ठरत होतं. देव सगळं जाणतो हे माहीत असताना मी त्याला वर्तमानपत्रातल्या बातम्या का सांगत होतो? त्या बातम्या बाकांवरच्या लोकांसाठी होत्या. मागचं आठवून पाहिलं तेव्हा माझी जवळजवळ प्रत्येक चूक याच जागी येऊन थांबली: तोंड देवाकडे, कान माणसांकडे.

त्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट हंगामाच्या सणातली. एका विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कमिटीनं एका उमेदवाराला सणाला बोलावलं. बोलवा म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, केळीचे घड, कोंबड्या असं सगळं मांडलेलं. उमेदवार आला, शाल झाली, आणि पाळकसाहेब बाहेरगावी असल्यानं प्रार्थना माझ्याकडे आली. तो बिचारा भक्तिभावानं गुडघे टेकून बसला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि यश मागितलं, भरभरून मागितलं, मध्येच चर्चच्या आवारातल्या पेव्हर ब्लॉकचाही उल्लेख केला. तो उल्लेख देवासाठी नव्हता, हे सांगायला नको. संध्याकाळपर्यंत तो फोटो तालुक्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला; खाली मजकूर होता, ख्रिस्ती समाजाचा जाहीर पाठिंबा. समाजाला कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या उमेदवाराची माणसं आली आणि आमच्याही साहेबांसाठी तशीच प्रार्थना ठेवा म्हणाली. आम्ही कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

त्या उमेदवाराचंही मी नुकसान केलं, असं मला वाटतं. तो माणूस आमच्या दारात आला होता. त्याच्या घरी काय चाललं आहे, निवडणुकीच्या धामधुमीत त्याला झोप लागते का, सत्ता हातात आली तर तिचं काय करणार याची त्याला भीती वाटते का, यातलं काहीही मी विचारलं नाही. बाजूच्या खोलीत दोन मिनिटं बसून, कुणी ऐकत नसताना, त्याच्यासाठी मागता आलं असतं. ब्लॉक नंतर बसले. आजही त्यावरून चालत आम्ही उपासनेला जातो.

रागाच्या प्रार्थनेबद्दल लिहिताना हात जरा अडखळतो, कारण तिथे माझी मागणी खरी होती. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रानं आयोग नेमला. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न पुस्तकी नाही. शाळेचा दाखला काढताना, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तो समोर येतो. दरवर्षी १० ऑगस्टच्या आसपासच्या रविवारी मी प्रार्थनेला उभा राहायचो आणि माझा आवाज चढत जायचा. कोणत्या सरकारनं काय आश्वासन दिलं, कुणी शब्द फिरवला, सगळं त्यात यायचं. शेवटी येशूच्या नावानं मागतो म्हणायचो, पण तोवर मागितलेलं काहीच नसायचं. ते मोर्च्यातलं भाषण होतं. मोर्च्यात ते शोभलं असतं, आणि मोर्च्यात मी जातोही.

देवापुढे राज्यकर्त्यांविषयी तक्रार करू नये, असं मी म्हणत नाही. ब्याऐंशीवं स्तोत्र गरिबांना डावलणाऱ्या न्यायाधीशांना देवासमोर उभं करतं. बहात्तरावं स्तोत्र तर राजासाठीच आहे, आणि त्यात राजासाठी पहिली मागणी दीनदुबळ्यांना न्याय देण्याची आहे. फरक मला फार उशिरा कळला. त्या स्तोत्रांत बोलणारा देवाला उत्तर द्यायला जागा ठेवतो. मी जागा ठेवत नव्हतो. आणि दानीएलाच्या नवव्या अध्यायात, नहेम्याच्या पहिल्या अध्यायात देशासाठी मागणारी माणसं सुरुवात स्वतःच्या पापापासून करतात. राजांनी केलेल्या पापांतही स्वतःला धरून बोलतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्याच वस्तीत पाकिटं वाटली गेली होती, त्यातली काही आमच्या मंडळीच्या घरांत गेली होती, हे मला माहीत होतं. त्याची कबुली मी एकदाही प्रार्थनेत आणली नाही. भ्रष्टाचार म्हटला की माझी बोटं नेहमी मुंबई-दिल्लीकडे.

एक काळ तर मी देशाचं नावच सोडून दिलं. मे २०१८ मध्ये दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी आपल्या धर्मप्रांतातल्या चर्चना पत्र लिहून, पुढच्या वर्षीची निवडणूक डोळ्यांसमोर ठेवून, देशासाठी प्रार्थना आणि शुक्रवारचा उपास करायला सांगितलं होतं. त्यावर देशभर वाद पेटला. आमच्या चर्चमध्येही कुणीतरी म्हणालं की आजकाल बाकाबाकावर मोबाईल आहेत, जपून बोला. मी इतका जपलो की बरेच महिने फक्त आजारी आणि पाऊसपाणी एवढंच मागत राहिलो. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर एक छोटी प्रार्थना केली, तीसुद्धा लिहून आणून. म्हणजे भीतीनं गप्प बसतानाही मी ऐकणाऱ्यांचाच विचार करत होतो. आणि ज्या देशासाठी मागण्याची जबाबदारी माझ्यावर होती, त्याच्यासाठी मागायचं राहून गेलं.

सरपंचाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी.

आमची दफनभूमी गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या अलीकडे. कुंपण कधीच पडलेलं. शेजारचा शेतकरी दरवर्षी एखादं तास जास्त घालायचा; एका पावसाळ्यात नांगराचा फाळ जुन्या थडग्यांच्या ओळीपर्यंत आला. आम्ही ग्रामपंचायतीत अर्ज दिला, सरपंचांना भेटलो. ते म्हणाले, बघतो. पुन्हा गेलो, पुन्हा बघतो. बुधवारच्या घरसभेत मी प्रार्थना केली. नाव घेतलं नाही, पण अन्याय करणाऱ्याला प्रभूनं खाली ओढावं, गर्विष्ठाचं आसन उलथावं, असं बरंच काही मागितलं. बायका रडल्या. मला वाटलं, प्रार्थना लागली.

काही दिवसांनी एसटी स्टँडवर सरपंच भेटले. रसवंतीसमोर उभे होते, हातात भाजीची पिशवी. मला हाक मारली आणि आवाज न चढवता म्हणाले, “गुरुजी, तुम्ही तुमच्या देवाकडं माझं वाईट मागता म्हणं?” माझ्याकडे चौथीपर्यंत शिकलेला माणूस तो. मी म्हणालो, “छे, कोण म्हणतं? आम्ही तर तुमच्यासाठी प्रार्थना करतो.” ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “बरं, करा,” आणि गेले. मी खोटं बोललो होतो, तेही प्रार्थनेविषयी, तेही माझ्याच विद्यार्थ्याशी.

मग तलाठी कार्यालयात जाऊन सातबारा काढला. जमीन अजूनही जुन्या मिशनच्या ट्रस्टच्या नावावर होती. हद्द कुठून कुठवर, हे कुणालाच नेमकं माहीत नव्हतं, कारण आमच्या बाजूनं कधी मोजणीच झाली नव्हती. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात करायचा असतो, फी भरायची असते, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन खुणा करतो, मग नकाशाची प्रत मिळते. त्याशिवाय ग्रामपंचायत कुंपणाला हात लावणार कशी? सरपंच टोलवाटोलवी करत होते हे खरं, पण अडलं होतं ते आमच्या कागदावर. ज्या माणसाला खाली ओढायला मी देवाला सांगत होतो, त्याच्या हातात ते काम नव्हतंच, आणि ज्यांच्या हातात होतं त्या आम्ही साधा अर्जही केला नव्हता.

नहेम्या मी कितीदा शिकवला असेन. शूशनच्या राजवाड्यात तो राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमचा कोट पडल्याचं ऐकून तो किसलेव महिन्यापासून नीसानपर्यंत उपास आणि प्रार्थना करतो. राजानं विचारल्यावर, उत्तर द्यायच्या आधी मनात देवाला हाक मारतो. आणि मग काय मागतो? नदीपलीकडच्या सुभेदारांना पत्रं, आणि राजाच्या वनाधिकाऱ्याला लाकडासाठी पत्र. प्रार्थना करणाऱ्या माणसानं कागदपत्रांची इतकी नीट तयारी केली होती, हे मी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं. मलाच ते दिसलं नव्हतं.

या सगळ्यानंतर मला माझ्या आजीची आठवण वारंवार येऊ लागली. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी शाळकरी पोर, सुकडी मिळते म्हणून तिच्याबरोबर जायचो. तिला अक्षरओळख नव्हती. दिल्लीत कोण, मुंबईत कोण, हे तिला धड ठाऊक नसावं. रात्री चूल विझल्यावर ती प्रार्थना करायची, त्यात हजेरी मांडणाऱ्या कारकुनाचं नाव असायचं. त्याच्या हातून कुणाची हजेरी बुडू नये, त्याच्या पोटच्या पोराला आराम पडावा, त्याला खोटं लिहायची बुद्धी होऊ नये. तो कारकून लोकांना छळायचा, हेही ती दिवसा उघड बोलायची, मुकादमापुढे भांडायचीही. पण रात्री त्याच्यासाठी मागताना तिच्या आवाजात ते भांडण नसायचं. तिथं ऐकायला फक्त मी होतो, आणि मी झोपलो आहे असं ती समजायची.

आता मध्यस्थीची प्रार्थना आम्ही पाळीपाळीनं करतो. माझी पाळी असते तेव्हा मी आदल्या रात्री घरी एकटा ती करून पाहतो. जे वाक्य एकट्यानं म्हणताना पोकळ लागतं, ते रविवारी म्हणत नाही. देशाच्या भागाची सुरुवात आमच्या कबुलीपासून होते. पदांवरच्या माणसांची नावं निवडणुकीच्या निकालाकडे न बघता घेतली जातात, कोणतंही विशेषण न लावता. सुरुवातीला काही जण नाराज झाले. एका बाईंनी विचारलं, ज्यानं आपलं वाटोळं केलं त्याचं नाव चर्चमध्ये कशाला? त्यांना पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही पुरतं नाही. मी त्यांना क्लेमेंटच्या काळातल्या मंडळीबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, ती माणसं मोठी होती. मला वाटतं त्यांच्या बोलण्यात अर्थ आहे. अशी प्रार्थना एकट्यादुकट्याच्या बळावर होत नाही, म्हणूनच ती मंडळीनं मिळून करायची असते.

पुलपिटाशेजारी उमेदवाराला उभं करायचं नाही, असा ठराव कमिटीनं केला आहे. उमेदवार उपासनेला आले तर बाकावर बसतात, सगळ्यांबरोबर बसतात. मोजणीचा अर्ज दिला, फी भरली, खुणा झाल्या. कुंपणाचं काम अजून मंजूर व्हायचं आहे. सरपंच आता माजी झाले आहेत. मी त्यांच्या घरी जाऊन त्या दिवशी खोटं बोललो होतो हे सांगितलं. त्यांनी चहा केला. दुसऱ्या पक्षाचे ते गृहस्थ प्रभुभोजन घेतात, पण माझ्या हातचा ट्रे असला की अजूनही जरा थबकतात. तो त्यांचा हक्क आहे, असं मी मानतो.

मध्यस्थीची प्रार्थना करणाऱ्या माझ्या भावाबहिणींना एक विनंती आहे. आपल्या गावचा तलाठी कोण, ग्रामसेवक कोण, पोलीस पाटील कोण, रेशन दुकान कोण चालवतं, ही नावं या आठवड्यात विचारून घ्या. त्यांच्याकडे मंडळीचं काही काम अडलं असेल तर त्याचा अर्ज आधी करा. आणि येत्या रविवारी पंतप्रधानांच्या आधी त्यांच्यासाठी मागा.